लवकर निवृत्तीनंतरचा साधा मंगळवार कसा आखावा

लवकर निवृत्त व्हायचं ठरवलेल्या बहुतेकांकडे पैशांचा आकडा तयार असतो. पण नोकरी सोडून दोन वर्षं झाल्यावर एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपण कुठे असू, काय करत असू आणि सोबत कोण असेल, हे विचारलं की गाडी अडते. डोळ्यांसमोर येतो तो प्रवास, समुद्र, उशिरापर्यंतची झोप. हे सगळं सुट्टीचं चित्र आहे. सुट्टी गोड लागते कारण तिच्या दोन्ही बाजूंना काम असतं. ते काम काढून घेतलं की उरतात ते एकापाठोपाठ एक येणारे साधे दिवस, आणि आयुष्य त्यांचंच बनणार असतं.

हिशेब करून पाहा. रोजचे ९ तास काम, दीड तास जाणं-येणं आणि अर्धा तास तयारी धरली तर पाच दिवसांचे ५५ तास होतात. वर्षाला ४८ आठवडे धरले तर २,६४० तास. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबलात तर साठीपर्यंत जवळजवळ ४०,००० तास मोकळे होतात. एवढ्या वेळाचं काय करायचं हे नोकरीत असतानाच, कागदावर आणि तासांच्या भाषेत ठरवता येतं. खाली दिलेल्या कामाला, शेवटी रजा घेऊन करायच्या तालमीचा काळ सोडून, रविवारच्या दोन-दोन तासांच्या सहा-सात बैठका पुरतात.

आधी आजच्या दिवसांची नोंद

उद्याचं चित्र काढण्याआधी आज नेमकं काय आवडतं ते माहीत हवं, आणि इथे आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक सोपी पद्धत मांडली होती: कालचा दिवस प्रसंगांत तोडायचा आणि प्रत्येक प्रसंगात मनाची अवस्था कशी होती ते लिहायचं. तीच पद्धत घरगुती स्वरूपात वापरा. दोन आठवडे, रोज सकाळी दहा मिनिटं. कालच्या दिवसाचे दहा ते पंधरा तुकडे करा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: किती वेळ, काय करत होतात, सोबत कोण होतं, आणि ० ते ६ मध्ये किती बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी ५ आणि ६ मिळालेले तुकडे वेगळे काढा, तसेच ० आणि १ वाले. इथे बहुतेकांना धक्का बसतो. आवडता म्हणून मिरवलेला छंद तीनवर अडकलेला दिसतो आणि एका सहकाऱ्याबरोबरची वीस मिनिटांची चर्चा सहावर असते. हा कागद जपून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागेल.

याच टप्प्यावर एक परीक्षा घ्या. खालच्या गुणांचे तुकडे बहुतेक एकाच कारणाने आले आहेत का? एकच वरिष्ठ, एकच लांबलचक प्रवास, एकच प्रकारच्या बैठका? तसं असेल तर तुम्हाला बहुधा निवृत्ती नको आहे, दुसरी नोकरी किंवा चार दिवसांचा आठवडा हवा आहे. तो उपाय कितीतरी स्वस्त आणि लवकर हाती येणारा आहे. त्याचा आधी विचार करण्यात काहीही कमीपणा नाही.

नोकरी पगाराखेरीज काय देते

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल नावाच्या वस्तीतला कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अभ्यास केला. हाताशी भरपूर वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण घटलं होतं. माणसं रस्त्यावर हळू चालू लागली होती आणि दिवसभर काय केलं हे त्यांना सांगता येत नव्हतं. लादलेली बेकारी आणि स्वखुशीची निवृत्ती या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबीचा ताण तर वेगळाच. पण या आणि नंतरच्या अभ्यासांतून याहोडा यांनी नोकरीचे जे पाच छुपे लाभ मांडले, ते आपल्या कामाचे आहेत: दिवसाला मिळणारी चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्यापेक्षा मोठ्या कशात तरी वाटा, समाजातली ओळख, आणि हालचाल करायला लावणारी सक्ती.

एका पानावर हे पाच लाभ लिहा. प्रत्येकापुढे आज नोकरी ते कसं पुरवते हे नेमक्या शब्दांत लिहा. 'माणसं भेटतात' असं मोघम नको. 'रोज दुपारी चौघं एकत्र जेवतो, आठवड्यातून दोनदा नव्या मुलांना शिकवतो' असं लिहा. मग तिसऱ्या रकान्यात, नोकरी गेल्यावर हे कुठून येणार ते. जिथे रकाना रिकामा राहील तिथे चित्राला भोक आहे असं समजा. ओळखीचा रकाना सगळ्यात अवघड जातो. सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणी 'तुम्ही काय करता?' असं विचारलं की 'काही नाही' हे उत्तर तोंडातून निघत नाही, आणि निघालं तर मनाला लागतं. एका वाक्याचं खरं उत्तर आत्ताच तयार करा आणि त्यात जुन्या हुद्द्याचा आधार घेऊ नका.

मंगळवार लिहायला घ्या

आता मुख्य काम. नोकरी सोडल्यानंतरचा १८वा महिना डोळ्यांसमोर आणा. पहिले महिने मुद्दाम टाळायचे, कारण तेव्हा नव्याचे नऊ दिवस असतात. रॉबर्ट अॅचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले. त्यांत सुरुवातीच्या उत्साहानंतर भ्रमनिरासाचा टप्पा येतो आणि मग घडी नव्याने बसते. प्रत्येक जण सगळ्या टप्प्यांतून जातोच असं नाही. आपल्याला मात्र चित्र काढायचं आहे ते उत्साह ओसरल्यावरच्या दिवसाचं. मंगळवार एवढ्यासाठी की त्या दिवशी सण नसतो, पाहुणे नसतात आणि ओळखीचे सगळे कामावर गेलेले असतात.

जाग येण्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहा. प्रत्येक ओळीत जागा, कृती आणि माणूस हवाच. पहिला खर्डा साधारण असा उतरतो: 'आरामात उठणं, व्यायाम, वाचन, थोडं सुतारकाम, संध्याकाळी मित्रांबरोबर गप्पा.' ही नुसती यादी झाली. तोच दिवस घड्याळावर मांडला की असा दिसतो:

६:१५ जाग. ६:४५ ते ७:४५ चालणं, सोबत शेजारचे दोघं. ते आठला कामावर निघतात. ८ ते ९:३० आंघोळ, नाश्ता, घरकाम. पत्नी नऊला बाहेर पडते. ९:३० ते १२ सुतारकाम, पुस्तकांचं कपाट. १२ ते १:३० स्वयंपाक, जेवण, आवराआवर. १:३० ते ३ कोरं. ३ ते ५ वाचन, घरीच. ५ ते ६:३० बाजार, बिलं, फोन. ६:३० नंतर पत्नी घरी, ८ वाजता मित्र.

आता या कागदाला प्रश्न विचारा. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा या साडेनऊ तासांत हा माणूस दुकानदार आणि फोन सोडून कुणाशीही बोललेला नाही. शुक्रवारपर्यंत असेच पाच दिवस जाणार असतील तर घर खायला उठेल. 'रात्री आठला मित्र' हे दिसायला छान आहे, पण ते मित्र दिवसभर राबून आलेले असतील. आठवड्यातून किती वेळा येतील, हे त्यांनाच विचारून लिहायला हवं.

सुतारकामाचाही हिशेब करा. रोज अडीच तास, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला ४८ आठवडे म्हणजे ६०० तास. एका साध्या कपाटाला २५ तास लागले तर वर्षाला चोवीस कपाटं होतील. एवढी कपाटं कुणासाठी? हा प्रश्न छंद मोडीत काढण्यासाठी नाही. छंदाला घराबाहेरचा धनी हवा, हे त्यातून कळतं. एखाद्या शाळेसाठी बाकं दुरुस्त करणं, दोन दिवस सामायिक कार्यशाळेत इतरांबरोबर काम करणं, एखाद्या शिकाऊ मुलाला हाताशी घेणं, यातलं काही जोडलं की त्याच ६०० तासांत माणसंही येतात आणि उद्देशही येतो. तुमचा छंद कोणताही असो, त्याचे वर्षाचे तास काढून हाच प्रश्न विचारा.

दुपारचा कोरा दीड तास तसाच राहू द्या. दिवसात मोकळी जागा असलीच पाहिजे, फक्त ती ठरवून सोडलेली असावी. मारिसा शरीफ, कॅसी मोगिलनर होम्स आणि हॅल हर्शफिल्ड यांच्या २०२१ मधल्या अभ्यासात मोकळा वेळ दिवसाला साधारण दोन तासांपर्यंत वाढला तेव्हा समाधानही वाढलं, आणि पाच तासांच्या पुढे ते घसरू लागलं. तो वेळ कशात घातला यालाही महत्त्व होतं. माणसांत किंवा अर्थपूर्ण कामात गेला तर ही घसरण तशी दिसली नाही.

दिवस पटेपर्यंत पुन्हा लिहा. तिसऱ्या खर्ड्याला तो खरा वाटू लागतो. शेवटी पहिल्या पायरीचा कागद शेजारी ठेवा आणि पाहा: ५ आणि ६ मिळालेले तुकडे या मंगळवारात किती तास आहेत? एकही नसेल तर तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी दिवस लिहिला आहे.

'समुद्रकिनारी घर' किंवा 'जगप्रवास' यांसारखं मोठं स्वप्न असेल तर त्यालाही मंगळवाराच्या चाळणीतून काढा. तिथे सकाळी अकरा वाजता काय? प्रश्न तीनदा विचारला की खालची खरी इच्छा वर येते. पुष्कळदा ती शांतता, मोकळी हवा किंवा नवं शिकण्याची हौस असते, आणि ती आहे त्या घरातूनही भागू शकते.

आठवडा

मंगळवार जमला की सात रकान्यांचा तक्ता काढा. नियम दोनच. आठवड्यात निदान तीन बांधिलक्या अशा हव्यात की तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी 'का आला नाहीत?' असं विचारेल. आणि निदान एक दिवस पूर्ण रिकामा हवा. बाकीचं लवचीक राहू द्या. पूर्ण भरलेला तक्ता नोकरीइतकाच जाच करतो.

माणसं कुठून येणार

लवकर निवृत्तीची खास अडचण ही आहे की तुमच्या वयाचे सगळे अजून नोकरीत असतात. साठीला निवृत्त होणाऱ्याबरोबर त्याची पिढीच मोकळी होते. पंचेचाळिशीत थांबणारा भरदुपारी एकटाच असतो. दिवसा मोकळी असणारी माणसं म्हणजे ज्येष्ठ नागरिक, स्वतंत्र व्यवसाय करणारे, पाळीत काम करणारे, लहान मुलांचे पालक, विद्यार्थी. यांतल्या कुणाशी तुमची नाळ जुळेल ते आधी शोधा.

नवी मैत्री व्हायला वेळही लागतो. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधल्या अभ्यासानुसार ओळखीचं रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतकं व्हायला सुमारे ९० आणि घट्ट मैत्रीला २०० पेक्षा जास्त तास एकत्र घालवावे लागतात. आठवड्याला दोन तास भेटलात तर ९० तास व्हायला ४५ आठवडे. म्हणून ज्या मंडळात, गटात, संस्थेत पुढे वेळ द्यायचा आहे तिथे नोकरी सोडायच्या निदान एक वर्ष आधी पाऊल टाका.

जोडीदाराचा वेगळा कागद

दोघांनी आपापला मंगळवार वेगळा लिहावा, एकमेकांना न दाखवता. मग एकाच बैठकीत अदलाबदल करावी. आधी एकत्र बसून लिहिलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच चित्र उतरतं आणि दुसऱ्याची नाराजी पुढे काही महिन्यांनी बाहेर पडते.

तुलना करताना चार जागी बोट ठेवा. दिवसा घरात कोण, कुठल्या खोलीत? स्वयंपाक, साफसफाई, खरेदी कुणाकडे? जो घरी आहे त्याने सगळं करायचं असं दुसऱ्याने मनात गृहीत धरलेलं असतं, म्हणून तासांनिशी बोला. दिवसातला किती वेळ एकत्र, किती वेगळा? आणि एक नोकरीत, दुसरा निवृत्त अशी स्थिती किती वर्षं चालणार? यांतल्या प्रत्येकावर एक-एक ओळीचा निर्णय लिहून दोघांनी सही करा. सही अतिरेकी वाटेल, पण तिने बोलणं गंभीर होतं.

घरातल्या इतरांचीही सीमा इथेच आखा. 'तू मोकळाच आहेस ना' या एका वाक्यावर नातेवाइकांची कामं, रांगा, दुरुस्त्या आणि ने-आण तुमच्या दारी येऊन पडतात. वयस्क आईवडिलांची सेवा तुम्हाला मनापासून करायची असेल तर तिचे तास तक्त्यात मानाने लिहा. बाकी फुटकळ कामांसाठी आठवड्याची एक दुपार ठरवा आणि ती सगळ्यांना सांगून ठेवा.

दशकांचे मंगळवार

एकच चित्र चाळीस वर्षं चालत नाही. ४५ ते ५५, ५५ ते ६५ आणि ६५ ते ७५ असे आणखी तीन छोटे खर्डे करा, प्रत्येकी दहा ओळींचे. गुडघे, फुप्फुसं आणि डोळे लागणारी कामं पहिल्या दशकात ओढून घ्या. मुलं घरी असण्याची आणि पालक हिंडते-फिरते असण्याची वर्षं कोणती, तेही त्यावर लिहा. ती वर्षं पुढे ढकलता येत नाहीत.

चित्राला किंमत लावणं

आता चित्रातल्या प्रत्येक ओळीपुढे खर्च लिहा आणि त्याचे दोन गट पाडा: एकदाच होणारा आणि दर महिन्याला होणारा. पहिल्या गटाची नुसती बेरीज पुरते. दुसऱ्या गटाला मोठा गुणाकार लागतो. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवरून दाखवलं की पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत गेलं, तरी पैसा ३० वर्षं पुरला. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी हवी. लवकर निवृत्तीत मुदत चाळीस-पन्नास वर्षांची असते आणि प्रत्येक देशाची महागाई वेगळी असते. त्यामुळे ३ टक्के धरणं अधिक सुरक्षित, म्हणजे सुमारे ३३ पट. सोपा नियम असा: महिन्याला जे १०० लागतं, त्यासाठी ४०,००० ची पुंजी हवी.

हा आकडा चित्रातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा. मग दिसतं की महागड्या सदस्यत्वापायी वर्षभर जास्त नोकरी करावी लागणार आहे आणि सहा गुणांचा सकाळचा फेरफटका फुकट आहे. जाण्या-येण्याचा आणि कामावरच्या कपड्यांचा खर्च वजा करा. दिवसभर घरी असल्याने वाढणारी बिलं, नोकरीबरोबर जाणारं आरोग्य विम्याचं संरक्षण आणि रिकाम्या वेळेतली खरेदी मिळवा. ही शेवटची बाब हमखास विसरली जाते.

रंगीत तालीम

कागदावरचं चित्र जगून पाहिल्याशिवाय राजीनामा देऊ नका. सलग चार आठवडे रजा मिळाली तर उत्तम, तीन किमान. या काळात गावाला जायचं नाही, घराची रखडलेली दुरुस्ती काढायची नाही आणि कार्यालयाचे निरोप पाहायचे नाहीत. दुरुस्ती टाळायची कारण ती वेळ इतका भरून टाकते की रिकामपण कळतच नाही, आणि निवृत्तीत ती दोन महिन्यांत संपते. खर्च नव्या अंदाजपत्रकानेच करा.

पहिला आठवडा थकवा उतरण्यात जातो, त्याचे गुण धरू नका. दुसऱ्या आठवड्यापासून रोज तीच ० ते ६ नोंद. रात्री आणखी दोन ओळी: आज कोणत्या वेळी घड्याळाकडे पाहिलं, आणि आज घराबाहेरच्या किती जणांशी पाच मिनिटांहून जास्त बोलणं झालं. सलग रजा मिळत नसेल तर आठ आठवडे दर मंगळवारी रजा घ्या. एवढ्याने थकवा पूर्ण उतरत नाही, पण दुपारी तीनचं रिकामपण तेवढ्यातही कळतं.

तालीम फसली तर नेमका कोणता तुकडा फसला ते शोधा. सकाळ चांगली आणि दुपार जड असेल तर बांधिलकी दुपारी सरकवा. ठरवलेला छंद तीन आठवड्यांत दोनदाही झाला नसेल तर तो चित्रातून काढा, कारण मोकळा वेळ मिळूनही जे हाताला लागलं नाही ते राजीनाम्यानंतर आपोआप लागत नाही. सगळेच दिवस दोन-तीन गुणांवर रेंगाळले आणि झोप, भूक बिघडली असेल तर प्रश्न चित्राचा नसून थकव्याचा किंवा प्रकृतीचा असू शकतो. आधी डॉक्टरांना भेटा, निवृत्तीचा निर्णय पुढे ठेवा.

मागे वळून पाहिल्यासारखं

तालमीनंतर एक तास काढा. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये प्रकल्पांसाठी सुचवलेली युक्ती इथे चपखल बसते: निर्णय पूर्ण फसला आहे असं धरून चालायचं आणि कारणं लिहायची. 'तीन वर्षं झाली, मी परत नोकरी शोधतोय, कारण…' हे वाक्य दहा वेळा पूर्ण करा. बाजार कोसळला, जोडीदाराशी खटके उडाले, कंटाळा आला, आजारपण आलं, मुलांचा खर्च वाढला. मग प्रत्येक कारणापुढे दोन रकाने: ते येतंय हे सगळ्यात आधी कशावरून कळेल, आणि तेव्हा पहिलं पाऊल काय. कंटाळ्याचं लक्षण 'तीन आठवडे सरासरी तीनखाली' असं आकड्यात लिहा. परतीच्या वाटेसाठी कौशल्याचा एखादा धागा चालू ठेवा, महिन्याला चार-सहा तास पुरतात.

नोकरी सोडण्याआधी दर सहा महिन्यांनी मंगळवार नव्याने लिहा, जुना न पाहता, आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. ज्या ओळी तिन्ही-चारी खर्ड्यांत टिकतात त्या तुमच्या आहेत. त्यांतल्या ज्या नोकरी न सोडताही करता येण्याजोग्या असतील त्यांवर खूण करा आणि त्यातली एक पुढच्या सोमवारपासून सुरू करा. नोकरी सोडल्यावर सहाव्या, अठराव्या आणि छत्तिसाव्या महिन्यात पुन्हा दोन आठवड्यांची नोंद घ्या. या तारखा आजच दिनदर्शिकेत लिहून ठेवा.